कोपरा फाडलेलं कार्ड

तन्वी, ईशान, गेल्या मे महिन्यात तुम्ही दोघं सोलापूरला आला होतात, तेव्हा माझ्या कपाटाच्या वरच्या खणातलं एक पुडकं तन्वीच्या हाती लागलं. खाकी कागद, सुतळीची गाठ आणि वर चिकटवलेली एक चिठ्ठी. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला बाराखडी शिकवते, ती वाया गेली नाही हे दाखवायला तिने एकेका अक्षराखाली बोट ठेवत चिठ्ठी मोठ्याने वाचली: "सुमनसाठी. घाई नाही." मग विचारलं, आजी, कशाची घाई नाही? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर तुमच्या आईने पुडकं तिच्या हातून घेतलं, खणात ठेवलं, कपाट लावलं आणि "चला, आंबे कापलेत" म्हणून तुम्हाला आत नेलं. तुमच्या आईला मी दोष देत नाही. त्या पुडक्यात काय आहे हे तिला माहीत आहे आणि ते तिला आवडत नाही. पण मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला उत्तर न देता खाली बसवणं मला कधी जमलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. उत्तर थोडं लांबून सुरू होतं. ते काकूपासून सुरू होतं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आम्ही तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आणि एका स्वयंपाकघरात राहत होतो. आमच्या डोक्यावर नरसम्मांचं बिऱ्हाड होतं आणि त्यांच्या घरातला माग दिवसभर खटक-खटक चालायचा. आम्हाला त्याची इतकी सवय होती, की तो थांबला तरच ऐकू यायचा. गल्लीत कुणाचं काही झालं की सगळे माग आपोआप बंद पडत. रडण्याचा आवाज नंतर येई, शांतता आधी येई. बाबा गिरणीच्या हजेरी खात्यात होते, त्यामुळे घराचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. घरात आई, बाबा, मी आणि काकू. काकू ही बाबांची काकू, म्हणजे नात्याने माझी आजीच, पण बाबा काकू म्हणत म्हणून आई, दादा, मी आणि सगळी गल्ली तिला काकूच म्हणत असे. ती सांगोल्याकडची. ऐन तरुणपणी तिचा नवरा गेला, त्याच साली बाबांची आईही गेली, आणि दीड वर्षाच्या बाबांना काकूने मांडीवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. तिला स्वतःचं मूल नव्हतं. इतकी वर्षं सोलापुरात राहूनही तिने आपली भाषा जराही बदलली नव्हती. मला मिशन शाळेत घातल्यावर तिने एकदाच चौकशी केली होती, "तितं मराठी बोललं तर मारत्यात व्हय?" मी नाही म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

माझ्याकडे त्या वर्षी एक वही होती. शाळेत मिसने आम्हाला नवे शब्द गटवार लिहायला सांगितले होते: फळांचे, नात्यांचे, हवामानाचे. मी स्वतःच्या मनाने एक गट सुरू केला होता, मरणाचा. माझ्या लक्षात आलं होतं, की ही एकच गोष्ट अशी आहे की जिचं नाव कोणी घेत नाही आणि तरीही सगळ्यांना कळतं. बाबा म्हणत, वारले. आई म्हणे, देवाघरी गेले. समोरच्या लिंगायत मास्तरांकडे म्हणत, लिंगैक्य झाले. नरसम्मा तेलुगूत म्हणत, पोयारु, म्हणजे गेले. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांकडे म्हणत, गुजर गए. मिस म्हणायच्या की सभ्य माणसं 'पास्ड अवे' म्हणतात. मी सगळे शब्द दोन रकान्यांत मांडले, एका रकान्यात शब्द आणि दुसऱ्यात तो कोण म्हणतं. मग काकूच्या नावापुढे काय लिहायचं ते विचारायला गेले. ती ज्वारी पाखडत होती.

"मेला," ती म्हणाली.

"पण माणसाला मेला म्हणत नाहीत, काकू."

"मग काय म्हणायचं? मेल्याला मेलाच म्हणत्यात. त्येला आता राग येनार हाय व्हय?"

मी तसंच लिहिलं. वही आईने पाहिली तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. असलं लिहून ठेवलं की ते घरात येतं, असं तिचं म्हणणं होतं. काकूला मात्र वहीचं कौतुक वाटलं. ती मला मधूनमधून नवे शब्द आणून देई. "त्या डाळिंबवाल्या म्हातारीनं आज वरचा रस्ता धरला म्हनं बग. लिव."

तिला मरणाचं भय नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. पण त्याबद्दल ती अगदी घरगुती बोले, दोन दिवसांवर आलेल्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसं. तिच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालायचे, त्याच दिवशी ही पेटीही गच्चीवर जाई आणि तिच्यातलं सामान उन्हात मांडलं जाई. गंगेच्या पाण्याचा, डाग देऊन तोंड बंद केलेला तांब्याचा गडू. तुळशीच्या वाळलेल्या काड्यांची जुडी. चंदनाचं एक खोड. अबीर-बुक्क्याची पुडी. आणि एक नारळ. नारळ दरसाल बदलायचा, कारण खवट नारळ घेऊन कसं जायचं, असा तिचा प्रश्न असे. जुना नारळ ती फोडायची, आणि खोबरं चांगलं निघालं तर शेंगदाण्याच्या चटणीत घालायची. त्या चटणीला आई हात लावत नसे. मी आणि बाबा कडक भाकरीशी ती मजेत खायचो. मला ते सगळं सामान क्रमाने मांडायला आवडायचं. मी वहीच्या मागच्या पानावर त्याची यादीसुद्धा केली होती आणि दरवर्षी एकेका वस्तूपुढे खूण करायचे.

त्या वर्षी यादी करताना मी विचारलं, "सगळं आहे ना, काकू?"

"येक न्हाय," ती म्हणाली. "लुगडं न्हाय."

"मग आणू या की बाजारातून."

"त्ये आपुन आपलं आणायचं नसतंय. माहेरचं लागतंय. भावानं आणायचं."

तेव्हा मला तो नियम पहिल्यांदा कळला. बाई सासरी कितीही वर्षं राहिली, तरी शेवटचं कोरं लुगडं माहेरहून येतं. माहेर लांब असेल आणि मातीला गाठता आलं नाही, तर मग ते दहाव्याला आणतात. काकूला मात्र ते दहाव्याला नको होतं, अंगावर हवं होतं. आणि तिला भाऊ होता, एकुलता एक, तिच्याहून धाकटा. म्हादू त्याचं नाव. सांगोल्याजवळ त्याची शेती आणि मेंढरं होती. नवरा गेल्यावर तो तिला कायमचं माहेरी न्यायला आला होता. ती म्हणाली, हे पोर टाकून मी येणार नाही. तो ताटावर बसला होता. वाढलेलं ताट तसंच ठेवून उठला आणि गेला. त्यानंतर चाळीसेक वर्षांत ना तो आला, ना ही गेली. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. काकूला भाऊ असून ती चंद्राला ओवाळायची. आता मला त्याचं कारण कळलं.

"मग चंद्र आणणार का लुगडं?" मी विचारलं. मी हे चेष्टेने विचारलं नव्हतं.

काकू इतकी हसली की तिला ठसका लागला. "आणंल की. त्येच्याकडं लई हाईत, पांढरी फेक." मग तिने नारळ पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "तशीच जायाची येळ येती का काय, कळंना."

पुढचे काही दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. यादीतली एक खूण राहिली होती आणि ती पुरी करायचा उपाय अगदी सोपा आहे असं मला वाटत होतं. मी एक पोस्टकार्ड घेतलं. मिसने शिकवलं होतं, की पत्रात एकच विषय असावा, तो स्पष्ट असावा आणि वाचणाऱ्याला आपल्याकडून काय हवं ते शेवटी लिहावं. मी लिहिलं, "तीर्थरूप महादेवमामा यांस साष्टांग नमस्कार. काकूची प्रकृती उत्तम आहे. तिच्या पेटीत सर्व सामान तयार आहे. फक्त माहेरचे लुगडे नाही. ते आपणच आणावे असा नियम आहे. तरी सवडीने आणावे. घाई नाही." खाली माझं नाव, शंकरची मुलगी सुमन, आणि गल्लीचा पूर्ण पत्ता. पत्र दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

आणि मग मी एक गोष्ट केली. आमच्याकडे मरणाची बातमी कार्डाने कळवायची तर त्या कार्डाचा एक कोपरा फाडतात. असं कार्ड आलं की ते घरात आणायचं नाही, उंबऱ्याबाहेरच बघायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि थेट आंघोळीला जायचं. आईला मी असं करताना कितीदा पाहिलं होतं. माझ्या हिशोबाने नियम असा होता: विषय मरणाचा, तर कोपरा फाडायचा. माझ्या कार्डाचा विषय मरणाचाच होता. मी पट्टी ठेवून उजवा वरचा कोपरा फाडला, अगदी सरळ, आणि शाळेत जाताना कार्ड टपालपेटीत टाकलं.

चार दिवसांनी, दुपारचा भोंगा होऊन गेल्यावर, मी पुढच्या खोलीत भूमितीचा गृहपाठ करत होते. काकू दारात बसून शेंगा फोडत होती. गल्लीच्या तोंडाशी एका बाईने गळा काढला. "वन्सं ओ, आमाला न सांगता कशा गेलासा ओ." वरचा माग थांबला. मग पलीकडचा थांबला. काकूने मान वर केली. "कुनाचं काय झालं, बघून ये गं," ती मला म्हणाली. "बाई लांबनं आलेली दिसतीया. घर चुकंल."

मी बाहेर गेले. तिघं येत होती. पुढे पटका बांधलेला एक म्हातारा, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्याच्यामागे तोंडावर पदर घेतलेली बाई, डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी. आणि तिशीचा एक माणूस, तो म्हाताऱ्याचा मुलगा दत्तू. म्हाताऱ्याने मला थांबवलं.

"पोरी, शंकरची काकू ऱ्हायची त्ये घर कुटलं? दहावं कवा हाय?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. माझं अक्षर, माझा पट्टी लावून फाडलेला कोपरा, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण सांगायची वेळ आली नाही. मी का परतले नाही हे बघायला काकू माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, ओच्यात शेंगा घेऊन.

"म्हादू?" ती म्हणाली.

म्हाताऱ्याच्या बायकोचं, म्हणजे मामींचं, रडणं मध्येच थांबलं. म्हातारा काकूकडे बघत राहिला. पायापासून वरपर्यंत बघितलं.

"तू जित्ती हायस?"

"मग? तुला घाई झाली व्हय?"

चाळीस वर्षांनी एकमेकांना भेटलेल्या बहीणभावाचे हे पहिले शब्द. म्हादूमामा आमच्या पायरीवर बसले. पटक्याचा शेव त्यांनी तोंडाला लावला. ते रडत होते की हसत होते हे मला आजही ठरवता येत नाही. काखेतलं पुडकं मात्र त्यांनी सोडलं नाही.

"कार्ड आलं की ओ," मामी म्हणाल्या. "कोपरा फाडल्यालं. वर सोलापूर, शंकरचं नाव. ह्येंनी बगितलं, दारातच फाडलं आन् आंगुळीला गेलं. वाचायचं काय आसतंय त्येच्यात?"

"मी लिहिलं होतं," मी म्हटलं. आणि ते लबाडीचं पत्र नव्हतं हे पटवून देण्यासाठी मी सगळं पत्र गल्लीत उभं राहून पाठ म्हणून दाखवलं, साष्टांग नमस्कारापासून घाई नाही पर्यंत. तोवर आई बाहेर आली होती. तिने हात उचलला.

"मारू नगंस तिला," काकू म्हणाली. "पोरीनं सगळं कायद्यानं केलंय." आणि ती हसायला लागली. वरच्या खिडकीतून नरसम्मा ओरडल्या, "काकू, तुमचा आयुष्य वाढला," आणि माग पुन्हा सुरू झाला.

खरी अडचण पुढेच होती. पाटीत भाकरी आणि पिठलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून लोक आणतात ते. आई दारात आडवी उभी राहिली. सुतकाचं अन्न घरात नको, असं ती हळू पण स्पष्ट म्हणाली. काकूने मामींच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरवली. "माज्याच नावानं थापल्यात. म्यां न्हाय खायच्या तर कुनी खायच्या?" तिने पाट मांडले, ताटं घेतली, त्या नारळाची चटणी काढली. म्हादूमामा उंबऱ्यातून आत येईनात.

"ये की," काकू म्हणाली. "मागल्या येळंला भरल्या ताटावरनं उठलास. त्ये ताट झाकून ठिवलं न्हाय म्यां. न्हायतर त्येच वाढलं आसतं."

ते आले आणि बसले. पिठलं गार झालेलं होतं आणि त्यात लसूण भरपूर होता. भाकरी प्रवासाने वाकल्या होत्या. मी नंतर पुष्कळ चांगली जेवणं जेवले, पण मेलेल्या बाईच्या हातचं वाढलेलं तिच्याच मयताचं जेवण एकदाच जेवले. काकू दोन भाकरी जास्त जेवली. मधेच बाबा गिरणीतून आले. त्यांना काय झालंय ते कळायला वेळ लागला, पण हा म्हातारा कोण ते कळल्यावर ते सरळ त्याच्या पाया पडले. म्हादूमामांनी घास हातात तसाच धरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"त्यो तूच व्हय," ते म्हणाले. मग ताटाकडे बघून, "चांगला झालास की."

बाबा त्यांच्याशेजारी बसले. बस, एवढंच. त्या भांडणावर त्यानंतर कुणी एक शब्द बोललेला मी ऐकला नाही.

हात धुऊन झाल्यावर काकूने तळवा पुढे केला. "आता दे."

"काय?"

"काखंत हाय त्ये."

"न्हाय."

"मग आणलंस कशाला?"

"त्ये मेलेल्या भैनीला आणलंय. ह्या हातानं जित्तीला दिऊ व्हय?"

"म्हादू, आज हायस तर दे. म्यां मेल्यावर तू येशील, न येशील. आन् आलास तरी दहाव्याला येशील."

काकूने हे नेहमीच्याच आवाजात म्हटलं, पण तिचा हात तसाच पुढे होता. मला तेव्हा समजलं, की पेटी, गडू, नारळ, ते सगळं हसणं एका बाजूला, आणि हा हात एका बाजूला. आपल्यासाठी कोणी येईल की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. लुगडं घरात ठेवायचं तर जिवंत बाईच्या घरात असलं कापड, दुकानात परत द्यायचं तर असलं कापड परत घेत नाहीत, कुणाला द्यायचं तर कोण घेणार. म्हादूमामांनी पुडकं मांडीवर घेतलं आणि सुतळी पुन्हा घट्ट केली.

"माज्याकडं ऱ्हाईल," ते म्हणाले. "दरसाल भाऊबीजंला संगं आणीन. आसलीस तर परत नीन."

"आन् नसले तर?"

"तर हितंच हाय की."

काकूने थोडा विचार केला. "म्हंजी म्यां भाऊबीजंलाच मरायचं व्हय?"

"तेवडं कर की माज्यासाटी."

"बरं," ती म्हणाली. "न्हाय जमलं तर पोरगी कार्ड लिवंल. कोपरा न फाडता."

दुसऱ्या दिवशी मामांनी मला बरोबर घेतलं आणि बाजारातून काकूसाठी एक जांभळं इरकली लुगडं घेतलं, नेसायचं. आणि त्या दिवाळीपासून ते खरोखर येऊ लागले. भाऊबीजेला सकाळच्या एसटीने यायचे, एका हातात नेसायचं लुगडं, काखेत ते दुसरं. दारातूनच म्हणायचे, "आणलंय. हायस का?" काकू आतून म्हणायची, "हाय अजून. ने परत." मग ती त्यांना ओवाळायची. संध्याकाळी ताट घेऊन गच्चीवर चंद्राकडेही जायची. इतकी वर्षं त्याने निभावलं, आता भाऊ आला म्हणून त्याला सोडायचं का, असं तिचं म्हणणं होतं. दादा सुट्टीत घरी असला की तो हे सगळं दारात उभा राहून बघायचा आणि काकूला चिडवायचा. आमच्या घरात "घाई नाही" हा एक परवलीचा शब्द होऊन बसला. स्टेशनवर गाडी चुकली, परीक्षेचा निकाल लांबला, पाहुणे उठायला तयार नसले, की दादा माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणायचा, सवडीने आणावे, घाई नाही.

म्हादूमामा काकूच्या आधी गेले. मी तेव्हा नोकरीला लागले होते. मी तिला घेऊन त्यांच्या गावी गेले. ती फारशी रडली नाही. मामींजवळ बसली, आणि निघताना दत्तूला म्हणाली, ते लुगडं काढ. दत्तूला वाटलं तिला ते न्यायचं आहे. तिने घडी उघडून बघितली, पुन्हा घातली. घडीवर कापड पिवळं पडलं होतं. तिने ते त्याच्याच हातात दिलं.

"आता तू आणायचं."

"आणतो, आत्या."

"आन् कार्ड आलं तर आदी वाच. बापावानी करू नगंस."

त्यानेही ते केलं, सहा दिवाळ्या. सातव्या वर्षी माघात काकू खाटेवरून उठेनाशी झाली तेव्हा मी कार्ड लिहिलं. चारही कोपरे शाबूत ठेवून. काकू फार आजारी आहे, लुगडं घेऊन लवकर यावे. लवकर हा शब्द लिहिताना माझा हात अडला. दत्तू तिसऱ्या दिवशी आला. ते कार्ड आपण दारात उभं राहून तीनदा वाचलं, असं त्याने मला सांगितलं. काकूचे डोळे मिटलेले होते. तिने पावलं ओळखली असावीत.

"आणलंस?" ती म्हणाली.

"आणलंय, आत्या."

"हाय अजून. ने परत."

"नेतो की," तो म्हणाला, आणि पुडकं मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला. नेलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मेली. मी हा शब्द मुद्दाम लिहिते आहे, दुसरा कोणता तिला चालला नसता. लुगडं तिच्या अंगावर पडलं, दहाव्याची वाट बघावी लागली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही ज्यांना फोनवर पुणेआजोबा म्हणायचात तो माझा दादा. त्याच्याशी मी म्हातारपणी या विषयावर बोलायचा प्रयत्न केला तर तो म्हणायचा, सुमे, दुसरं काहीतरी बोल, आणि क्रिकेट काढायचा. मी कधी त्याच्याकडे लुगडं मागितलं नाही. तो अशा गोष्टी मानत नव्हता, आणि मी तरी मानते की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. तो गेल्यावर वहिनी त्याचं कपाट आवरत होती, तेव्हा शर्टांच्या मागे हे पुडकं निघालं. तिने कुरिअरने मला पाठवलं. ते त्याने कधी आणलं, कुठून आणलं, तिला काही माहीत नव्हतं. चिठ्ठीवरचं अक्षर त्याचं आहे. चिठ्ठी चांगली जुनी आहे, शाई तपकिरी झाली आहे.

तर आता अडचण अशी, की हे पुडकं माझ्या कपाटात असायला नको. ते दुसऱ्याच्या घरी असायला हवं. दादा-वहिनीला मूल नव्हतं, माझ्या माहेरी आता कोणी नाही. मुलीच्या मुलीने हे ठेवावं असा कोणताही नियम नाही, मी सगळीकडे विचारून बघितलं. पण नियम पाळताना तेराव्या वर्षी मी काय केलं ते तुम्ही आत्ताच वाचलंत. तेव्हा तन्वी, पुढच्या मे महिन्यात परत जाताना हे तुझ्या बॅगेत घाल. टोरांटोच्या कपाटात स्वेटरांच्या मागे ठेव. तुझ्या आईला मी समजावीन. उघडू नकोस, मीही उघडलेलं नाही. एका बाजूला कागद थोडा झिजला आहे आणि तिथून मी दोनदा डोकावून बघितलं, पण रंग कळत नाही. मला त्याची फार उत्सुकता आहे, आणि तो मला कधीच दिसणार नाही हेही मजेचंच आहे. तो तुम्ही बघाल. ईशान, तुझं काम निरोप वाचायचं. जो येईल तो शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा आणि मगच तिकीट काढायचं.

आणि दरवर्षी येताना पुडकं बरोबर आणायचं. मी दारातच विचारीन, आणलंस का. तू हो म्हण. मग मी काय म्हणेन ते तुला माहीत आहे.